मेंदूला मार लागलेलं आपलं माणूस: घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मोठा भाऊ जिन्यावरून पडला, त्याला आता नऊ वर्षं होतील. आयसीयू, वॉर्ड, पुनर्वसन केंद्र आणि मग घर, या सगळ्यात मी आणि वहिनी आळीपाळीने त्याच्याजवळ होतो. पुढे अशाच प्रसंगातून जाणारी माणसं मला विचारत राहिली आणि बहुतेकांचे प्रश्न तेच निघाले, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधं, तपासण्या आणि निदान यांचा निर्णय उपचार करणाऱ्यांनीच घ्यायचा.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत तीच येणार आहे. आजारी माणसाला सुधारायच्या मागे लागण्याआधी त्याच्या भोवतालचं बदला: आवाज, गर्दी, दिवसाचा क्रम, वस्तूंच्या जागा, आपली बोलायची पद्धत. एवढं तरी आपल्या हातात असतं.

डॉक्टर रोज 'जीसीएस' किती आहे ते सांगतात. त्यावरून काय समजायचं?

ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायचं माप. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी १९७४ साली हे माप मांडलं. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. म्हणजे सगळ्यात कमी ३ आणि सगळ्यात जास्त १५. आठ किंवा त्याहून कमी असेल तर इजा गंभीर, ९ ते १२ मध्यम आणि १३ ते १५ सौम्य धरतात.

घशात नळी असेल तर बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत. झोपेची औषधं चालू असली तरी आकडा खाली दिसतो. त्यामुळे आज सात आणि काल आठ होते म्हणून हातपाय गाळून बसू नका. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवडाभर तो कुठे चाललाय ते विचारा. आणि 'सौम्य' या शब्दाने गाफील राहू नका. ती पहिल्या काही तासांची मोजणी असते. सौम्य म्हटलेल्या इजेनंतरही काहींना डोकेदुखी, विसराळूपणा आणि चिडचिड कित्येक महिने पुरते.

बेशुद्ध माणसाशी बोलायचं का? त्याला ऐकू येतं का?

बोला. किती ऐकू येतंय हे बाहेरून ठरवता येत नाही, म्हणून येतंय असं धरून बोला. जवळ जाऊन आधी नाव घ्या, मग आपण कोण ते सांगा, आज वार कोणता आणि तो कुठे आहे ते सांगा. एका वेळी एकानेच बोलायचं. त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्या तब्येतीची चर्चा करू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. काही करायला सांगितलं की थांबायचं. "अंगठा वर कर" म्हटल्यावर आपण दोन सेकंदांत पुन्हा तेच सांगतो, मग हात हलवतो, मग दुसरंच काही बोलतो. जखमी मेंदूला सूचना पोचायला आणि उत्तर परत यायला वेळ लागतो. मनात सावकाश वीस आकडे मोजा. दादाने पहिल्यांदा अंगठा हलवला तेव्हा मी चौदावर होते. मग तीनदा सांगून पाहिलं, दोनदा हलला. वेळ लिहून ठेवली आणि नर्सला दाखवली. आपोआप होणारी हालचाल आणि सांगितल्यावर होणारी हालचाल यांतला फरक डॉक्टरांसाठी फार मोठा असतो. आणि तो आधी दिसतो तो तासन् तास जवळ बसणाऱ्याला, म्हणून वही जवळ ठेवा.

शुद्ध लवकर यावी म्हणून औषध आहे का, असंही पुष्कळ जण विचारतात. अमॅन्टाडिन या औषधाचा १८४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. इजेला ४ ते १६ आठवडे झालेले हे रुग्ण होते. औषध चालू असलेल्या चार आठवड्यांत ते घेणाऱ्यांची सुधारणा न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने झाली, पण औषध थांबल्यावर तो वेग कमी झाला. तुमच्या माणसाला ते चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

शुद्धीवर आले, पण आता शिवीगाळ करतात, नळ्या ओढतात, मारायला धावतात. हे काय नवीन?

बहुतेक वेळा हा बरं होण्याच्या वाटेवरचाच टप्पा असतो. पुनर्वसन केंद्रांत 'रँचो लॉस अमिगोस' नावाची पायऱ्यांची मोजणी वापरतात. मूळ मोजणीत आठ पायऱ्या होत्या, पुढे त्या दहा केल्या. त्यातली चौथी हीच: गोंधळलेला आणि अस्वस्थ. मेंदू जागा झालेला असतो, पण आपण कुठे आहोत, हे लोक कोण, नाकात हे काय खुपसलंय, याचा काहीच पत्ता त्याला नसतो. भीती वाटणारच.

इथे समजावून सांगण्याचा उपयोग नाही आणि वाद घालण्याचा तर मुळीच नाही. टीव्ही बंद, दिवे मंद, एका वेळी एकच पाहुणा, तोही पंधरा मिनिटं. हळू, छोट्या वाक्यांत बोला. कुठे दुखतंय का, लघवी तुंबलीय का, बद्धकोष्ठता आहे का, ताप आहे का, हे आधी तपासायला सांगा. बोलता न येणारा माणूस दुखणं हातापायांनीच सांगतो. शांत करण्यासाठी औषध देत असतील तर कोणतं आणि किती दिवस, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण काही औषधांनी सुस्ती वाढते आणि गोंधळही वाढतो.

त्या दिवसांत त्याने आपल्याला जे काही म्हटलं असेल ते त्याला पुढे आठवत नाही. आपल्याला मात्र आठवतं. घरातल्या दुसऱ्या कुणाशी त्यावर बोलून घ्या.

मी आत्ताच भेटून गेले तरी "तू आलीच नाहीस" म्हणतात. रोज आठवण करून द्यावी का?

इजेनंतर काही काळ मेंदू नवीन आठवणी साठवतच नाही. गप्पा मारतो, हसतो, पण दहा मिनिटांनी पाटी कोरी. हा काळ जितका लांबतो तितकी इजा मोठी समजतात, म्हणून तो कधी संपला याची नोंद महत्त्वाची. मधली रिकामी जागा भरायला तो गोष्टी रचूनही सांगतो. त्याला खोटं बोलणं म्हणू नका, ते त्याला खरंच वाटत असतं.

आणि कृपा करून "ओळख पाहू मी कोण?" हा खेळ थांबवा. भेटायला येणारा प्रत्येक जण तो खेळतो. मायेपोटीच खेळतो, पण त्याने नुकसान होतं. स्मृती कमजोर असताना माणूस अंदाजाने काहीतरी उत्तर देतो आणि ते चुकीचं उत्तरच डोक्यात पक्कं होतं. चूक होऊ न देता शिकवायचं, अशी पद्धतच पुनर्वसनात आहे. आत शिरतानाच सांगून टाका: "दादा, मी तुझी धाकटी बहीण. आज गुरुवार आहे." भिंतीवर ठळक अक्षरांत तारीख, जागेचं नाव आणि 'तू पडलास, डोक्याला लागलं, आता बरा होतोयस' अशी दोन वाक्यं लावा. एखादी गोष्ट लक्षात राहायलाच हवी असेल तर ती सांगून अर्ध्या मिनिटाने विचारा, मग एका मिनिटाने, मग दोन, मग चार. अडखळला तर लगेच उत्तर द्यायचं.

ते पूर्वीसारखे होतील का? आणि किती दिवसांत?

हा प्रश्न मी स्वतः एकूण एक डॉक्टरला विचारला आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर अर्धवट वाटलं. आता कळतं की ते प्रामाणिक होतं. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, पुढे मंदावतो. पण 'दोन वर्षांनी जे असेल ते कायमचं' हे जे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. पाचव्या वर्षी माणसं नवीन कामं शिकतात. दादा चौथ्या वर्षी एकट्याने दवाखान्यात जाऊन यायला लागला.

'पूर्वीसारखे' बद्दल मात्र सरळच लिहिते. गंभीर इजेनंतर बहुतेकांमध्ये काही ना काही फरक राहतो आणि पायांपेक्षा तो स्वभावात जास्त जाणवतो. डोकं आपटतं तेव्हा कपाळामागचा आणि कानांजवळचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासला जातो, आणि आवर घालणं, ठरवणं, सुरुवात करणं, समोरच्याचं मन ओळखणं ही कामं बरीचशी तिथलीच. शिवाय मेंदूभर पसरलेले नाजूक तंतू ताणले जातात. सीटी स्कॅनमध्ये ते नेहमी दिसत नाही, म्हणून 'स्कॅन नॉर्मल आहे' ऐकून घरचे बुचकळ्यात पडतात.

फिनीस गेज या अमेरिकन मुकादमाची हकिकत या विषयात हमखास निघते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना स्फोट झाला आणि लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो २५ वर्षांचा होता. वाचला, पण त्याचा स्वभाव पार बदलला, इथेच ती गोष्ट सहसा संपवतात. पुढचं कमी लोकांना माहीत आहे. काही वर्षांनी तो चिलीत गेला आणि तिथे त्याने बरीच वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली. रोज ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली कामं. या बांधलेल्या दिनक्रमानेच तो पुष्कळ सावरला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. तेव्हा पुनर्वसन केंद्रं नव्हती. 'स्वभाव बदलला, आता काही होणार नाही' असं कुणी म्हणालं की मी हा दुसरा भाग सांगते.

पुनर्वसनात नक्की कोण काय करतं?

फिजिओथेरपिस्ट चालणं, तोल आणि स्नायूंचा ताठरपणा बघतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, कपडे, स्वयंपाक, पैसे मोजणं अशी रोजची कामं पुन्हा शिकवतात. स्पीच थेरपिस्टकडे बोलण्याबरोबर गिळणंही असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. न्यूरोसायकॉलॉजिस्ट स्मृती, लक्ष आणि वागणूक यांची तपासणी करतात. यांतलं कोणी एकच मिळणार असेल आणि माणूस चालता-फिरता असेल, तर मी ऑक्युपेशनल थेरपिस्टचा आग्रह धरीन. चालणं दिसतं म्हणून सगळे त्याच्या मागे असतात, आणि सदऱ्याची बटणं राहून जातात.

डिस्चार्ज मिळतोय. घरी नेण्याआधी काय शिकून घ्यावं?

जे जे नर्स करतात ते एकदा त्यांच्यासमोर तुमच्या हातांनी करून बघा. बघितल्यावर सोपं वाटतं, हात घातल्यावर कळतं. पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, नळी असेल तर ती कशी साफ करायची, कूस कशी बदलायची. स्वतःहून हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात. माकडहाड, टाचा आणि खुब्यांवरची कातडी रोज उजेडात बघा. दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा दिसला की त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना कळवायचं.

सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढला असेल, तर तो परत बसवेपर्यंत डोक्याची ती बाजू उघडी असते. उभं राहताना, चालताना हेल्मेट हवंच. आमच्याकडे ते पलंगाच्या दांड्याला अडकवलेलं असायचं. हेल्मेट घातल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही, एवढा एकच नियम दादाला पाठ झाला होता.

घरात पायपुसणी आणि सैल गालिचे काढा, बाथरूममध्ये दांडा बसवा, रात्री दिवा चालू ठेवा. दुसऱ्यांदा डोक्यावर पडणं कोणत्याही परिस्थितीत टाळायचं आहे.

पाणी पिताना ठसका लागतो. साधी गोष्ट आहे ना?

नाही. अन्नपाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. कधी कधी ठसकाही लागत नाही, नुसता आवाज ओलसर, घोगरा होतो किंवा वारंवार ताप येतो. पातळ पाणी गिळायला सगळ्यात अवघड असतं, दाट पदार्थ तुलनेने सोपे. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय नाकातली नळी काढायचा आग्रह धरू नका आणि प्रेमाने गुपचूप काही भरवू नका. सरळ बसवून, छोटे घास, एक गिळल्यावरच दुसरा, टीव्ही बंद.

दिवसभर नुसते बसून असतात. सांगितल्याशिवाय काही करत नाहीत. हा आळस आहे की मुद्दाम चाललंय?

आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं या प्रश्नावरून झाली.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दादा आंघोळीला गेला आणि चाळीस मिनिटं बाहेर आला नाही. पाण्याचा आवाज नाही. दार उघडून बघितलं तर तो स्टुलावर बसलेला, अंग कोरडं, हातात साबण. साबण उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात. मी ओरडले. त्याने माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "आता काय करायचं असतं?" आंघोळ म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. हात चांगले चालत होते. पहिल्या पायरीवरून दुसरीवर कसं जायचं, तेवढंच हरवलं होतं.

सुरुवात करणं हे मेंदूचं स्वतंत्र काम आहे. ते बिघडलं की इच्छा असूनही माणूस उठत नाही. बाहेरून ते अगदी आळसासारखं दिसतं. त्यावर टोमणे चालत नाहीत, शपथा चालत नाहीत. चालते ती बाहेरून मिळालेली खूण. ऑक्युपेशनल थेरपिस्टने आम्हाला बाथरूमच्या दारामागे सहा चित्रं लावायला सांगितली, प्लास्टिकमध्ये घालून: तांब्या, साबण, पुन्हा तांब्या, टॉवेल, कपडे, दार. तो एकेका चित्रावर बोट ठेवायचा आणि करायचा. चौथ्या महिन्यात बोट ठेवणं बंद झालं. चित्रं अजून तिथेच आहेत.

फोनचा गजर, दारावरची चिठ्ठी, औषधांची वारांप्रमाणे खण असलेली डबी, रोज त्याच जागी ठेवलेला चष्मा, हे सगळं बाहेर ठेवलेल्या मेंदूसारखं काम करतं. 'असं केल्याने सवय लागेल, मग स्वतः करणार नाहीत' ही भीती सोडा. सवय लागण्यासाठीच तर करायचं.

मला काहीच झालेलं नाही, असं म्हणतात आणि व्यायामाला नकार देतात. काय करू?

आपल्यात काही कमी झालं आहे हे ओळखणारा भागच दुखावला असेल तर माणसाला ती उणीव दिसतच नाही. तो हट्टीपणा नाही. पुरावे मांडून हरवायला जाऊ नका. त्याला हवं असलेलं काहीतरी शोधा आणि व्यायाम त्याला जोडा. दादाला 'हातासाठी व्यायाम कर' म्हटलं की तो तोंड फिरवायचा. 'दाढी स्वतः करायचीय ना?' म्हटलं की हात पुढे यायचा.

क्षुल्लक कारणावरून भडकतात. तेव्हा कसं वागावं?

भडका उडाल्यावर फार काही करता येत नाही. दोन पावलं मागे या, आवाज खाली आणा, वाद सोडा, मुलांना दुसऱ्या खोलीत न्या आणि दहा मिनिटांनी वेगळाच विषय काढा. कामाचं असतं ते आधीचं. दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजले होते, खोलीत कोण होतं, आवाज कसला होता, त्याआधी काय झालं. आमच्या वहीत दहापैकी सात भडके संध्याकाळी सहा ते आठमध्ये निघाले, घरात सगळे परत आलेले, मिक्सर चालू, टीव्ही चालू. आम्ही त्याला साडेपाचला आतल्या खोलीत अर्धा तास आडवं व्हायला लावलं. महिन्याभरात भडके निम्म्यावर आले, औषधात काहीही बदल न करता.

हात उगारला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, तर मात्र हे घरात झाकून ठेवू नका. डॉक्टरांना सांगा. तुमची सुरक्षितता पहिली.

एवढे थकतात कशाने?

जे पूर्वी आपोआप व्हायचं ते आता लक्ष देऊन करावं लागतं. चालणं, ऐकणं, गर्दीतून वाट काढणं, सगळंच. हा थकवा झोप काढल्यानेही पूर्ण जात नाही. अवघड काम सकाळी ठेवा, थकण्याच्या आधीच विश्रांती घ्यायला लावा, आणि चांगल्या दिवशी उत्साहात दुप्पट काम करू देऊ नका, कारण त्याची वसुली पुढचे दोन दिवस होते. थकवा फारच असेल तर थायरॉईड आणि पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनची रक्ततपासणी हवी का, ते विचारा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी माराने दुखावू शकते आणि ते सहज नजरेतून सुटतं.

बोलता येत नाही, पण समजतं का?

दोन्ही वेगवेगळं असू शकतं. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी ज्याचं वर्णन केलं तो रुग्ण 'तां' एवढं एकच अक्षर बोलायचा, पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं. उलटही होतं: अस्खलित बोलणं, पण अर्थ नाही. कोणता प्रकार आहे ते स्पीच थेरपिस्टकडून समजून घ्या. हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारा, वस्तू दाखवा, आणि त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. आकडे मोजणं, पाठ असलेल्या ओळी, गाणं आणि हो, शिव्यासुद्धा, नेहमीच्या बोलण्याच्या आधी परत येतात. गाता येतंय तर गाऊ द्या.

उदास असतात. हे साहजिकच आहे ना?

साहजिक आहे म्हणून उपचार नकोत असं नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या ५५९ जणांच्या एका अभ्यासात पहिल्या वर्षात ५३ टक्क्यांना नैराश्याने गाठलं होतं. गंमत वाटावी अशी गोष्ट नसताना हसू किंवा कारण नसताना रडू येणं हे वेगळं, तो मेंदूचा आवर सुटलेला असतो. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

फिट आली तर? आणि ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांहून जास्त चालली, एकामागून एक आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर रुग्णवाहिका बोलवा. फिट इजेनंतर काही महिन्यांनी, वर्षांनीही येऊ शकते. फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागं न होणारी झोप, नवी अशक्तता, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. बरं होत आलेला माणूस काही आठवड्यांनी पुन्हा सुस्त झाला, चालणं बिघडलं, कपड्यांत लघवी होऊ लागली, तर मेंदूत पाणी साठलं आहे का ते बघावं लागतं. त्यावर शस्त्रक्रिया असते.

गाडी, दारू, नोकरी, पैसे?

गाडी डॉक्टरांनी लेखी हो म्हणेपर्यंत नाही. दारू नाहीच: फिटचा धोका वाढतो, तोल जातो आणि जखमी मेंदूला थोडीही जास्त होते. नोकरी अर्ध्या वेळेने, एका वेळी एक काम, शांत जागा असं सुरू केलं तर टिकते. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ केली तर बहुधा तुटते. पैशांच्या बाबतीत मोठे व्यवहार दोघांच्या सहीने ठेवा, पण रोजच्या खर्चाची छोटी रक्कम त्याच्याच हातात राहू द्या. वास येईनासा होणं खूप जणांच्या बाबतीत घडतं आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. गॅस गळतीचा अलार्म बसवा.

लहान मुलांना काय सांगायचं?

खरं, आणि थोडक्यात. "बाबांच्या डोक्याला आतून लागलंय, म्हणून ते लवकर चिडतात. ते तुझ्यामुळे नाही." शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. माझ्या भाच्याने ते तीन वर्षांनी स्वतःहून विचारलं होतं.

मला त्यांचा राग येतो, कधी कधी वाटतं हा माणूस माझा नाहीच. मी वाईट आहे का?

नाही. माणूस समोर बसलेला असतो आणि तरी हरवलेला असतो. अशा दुःखाला पॉलिन बॉस या कुटुंब-समुपदेशक बाईंनी संदिग्ध वियोग असं नाव दिलं आहे. मेलेल्यासाठी रडता येतं, याच्यासाठी रडायला जागाच मिळत नाही, कारण भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "वाचला हेच नशीब." वहिनीला हे वाक्य ऐकवेनासं झालं होतं. तुमच्याही घरी कुणी सांभाळणारी असेल तर तिला आधी जेवलीस का विचारा, मग पेशंटचं विचारा.

व्यवहाराचं सांगायचं तर आठवड्यातला एक ठरलेला वेळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचाच. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना लगेच सांगा: शनिवारी चार ते सात. मदत करायची इच्छा असते, काय करायचं ते त्यांना कळत नाही.

स्टेम सेल किंवा खात्रीशीर बरं करणारे उपचार घ्यावेत का?

मेंदूच्या इजेवर स्टेम सेलचे उपचार अजून सिद्ध झालेले नाहीत. जो खात्री देतो, त्याच्यापासून लांब राहा. तोच खर्च वर्षभराच्या थेरपीवर करा.

घरात एकटं कधी ठेवता येईल?

चार गोष्टी जमल्यावर: फोन करून मदत मागता येणं, आग किंवा धूर दिसला तर बाहेर पडणं, अनोळखी माणसाला दार न उघडणं, औषध दुसऱ्यांदा न घेणं. हे तोंडी विचारू नका, करून घेऊन बघा. 'आग लागली तर काय करशील' याचं उत्तर छान येतं आणि प्रत्यक्षात माणूस जागचा हलत नाही. मग दहा मिनिटं, मग वीस, मग तास. गॅस बंद करून जा आणि परत येण्याची वेळ ठळक लिहून जा. ती पाळाच.

पहिल्या वीस मिनिटांना मी कुठेही गेले नाही, दाराबाहेर पायरीवर बसून राहिले. कागदावर 'पाच वाजता येते' लिहिलं होतं. पाचला दोन मिनिटं कमी असताना दार उघडलं. दादा चपला घालून उभा होता, हातात तो कागद. म्हणाला, "मला वाटलं तू विसरलीस, म्हणून बघायला निघालो."